बफेलोचा पाचवा पराभव

बफेलोतल्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या ओल्शाकच्या बारमध्ये अमेरिकन फुटबॉलवरून दोघांची जुंपली, की तिसरा कुणीतरी मागच्या भिंतीकडे बोट दाखवायचा आणि वाद तिथेच मिटायचा. त्या भिंतीवर दाराएवढ्या दोन फळ्या जोडून केलेला एक हिरवा फळा होता. त्यावर व्यावसायिक लीगमधल्या अठ्ठावीसही संघांची नावं एकाखाली एक लिहिलेली, आणि प्रत्येक नावापुढे दोन आकडे: अजिंक्यपदाचे अंतिम सामने जिंकले किती आणि हरले किती. बाकी काही नाही. तारखा नाहीत, गुण नाहीत, कोण कसा खेळला ते नाही. न्यूयॉर्क जायंट्स, पाच आणि अकरा. डेन्व्हर, शून्य आणि चार. न्यू ऑर्लिन्सपुढे दोन्ही शून्यंच, कारण ते बिचारे कधी तिथवर पोचलेच नव्हते.

हा फळा बर्नडिन मिकाच्या हातचा. बर्नडिन पाट्या रंगवायची. त्या भागातल्या निम्म्या खाटकांच्या काचा, बेकऱ्यांच्या गाड्या, चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाचे फलक, सगळं तिच्या ब्रशातून उतरलेलं. सत्तर साली बारचा मालक लुडविक ओल्शाक यानं तिला बोलावून घेतलं, पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद हातात दिला आणि म्हणाला, "हे जरा सुबक करून दे." तिनं दिलं. तेव्हा तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दर जानेवारीत अंतिम सामना झाला की सोमवारी येऊन दोन आकडे बदलायचे, असं ठरलेलं. आपण कुणाचं काय बदलतोय ते निदान कळावं म्हणून ती पेपरातली खेळाची पानं वाचायला लागली. मग जुनी वार्षिकं वाचायला लागली. पाच-सहा वर्षांत अशी तयार झाली, की एखाद्यानं "पस्तीस साली कोण हरलं?" असं विचारून पुरतं व्हायच्या आत तिचं उत्तर बाहेर पडायचं.

आता चौऱ्याण्णव साल होतं. बर्नडिन सहासष्ट वर्षांची झाली होती, पण शिडीवर चढताना अजून कुणाचा हात धरत नव्हती. ऑगस्टमधला तो मंगळवार. मोसम सुरू व्हायच्या आधी फिकी पडलेली अक्षरं उजळायला ती आली होती. दुपारच्या जेवणाची वेळ, बारमध्ये सात-आठ माणसं. ती क्लीव्हलंडच्या 'क्ली'वर ब्रश फिरवत होती, तेवढ्यात खालून हाक आली.

"मावशी, खाली ये ना जरा. बोलायचंय."

"बोल की. कान वर घेऊनच आलेय."

हाक मारणारी डायेन. लुडविकची एकुलती एक मुलगी, चाळिशीची. अठरा वर्षं अ‍ॅरिझोनात, फिनिक्सच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला होती. बापाचे गुडघे गेले, तो बारवरच्या खोल्यांतून खाली उतरेनासा झाला, तशी ती वसंतात परत आली आणि बार तिनं हातात घेतला. कामाला वाघ होती. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर धुऊन काढलं, दोन आळशी माणसांना घरी बसवलं आणि खुर्च्या बदलल्या. आता तिची नजर भिंतीवर गेली होती.

"बफेलोच्या ओळीतला दुसरा आकडा पुसून टाक," डायेन म्हणाली.

बर्नडिननं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "काय म्हणालीस?"

"अगं, माणसं दिवसभर राबून इथे येतात, बिअर घेतात, मान वर करतात आणि काय दिसतं? चार. लागोपाठ चार वर्षं सुपर बोलच्या अंतिम सामन्याला गेलो आणि चारही वेळा आपटलो. हे त्यांना भिंतीनं सांगायला हवं का?"

"त्यांना ठाऊक आहे."

"म्हणूनच म्हणते, पूस."

"म्हणूनच मी म्हणते, राहू दे."

"बरं, एकट्या बफेलोचा नको. सगळ्यांचेच हरलेले काढ. नुसते जिंकलेले ठेव. कुणालाच वाईट वाटायला नको."

"म्हणजे डेन्व्हर आणि टॅम्पा एका रांगेत? एकानं चार फायनल खेळल्यात आणि दुसऱ्यानं सगळ्या टीव्हीवर बघितल्यात. दोघांपुढे शून्य लिहू? आणि जायंट्स? त्यांनी आपल्याला हरवलं एका गुणानं. एका! पण त्यांचा दुसरा आकडा वाच. अकरा. अकरा वेळा तोंडावर पडलेत ते. तोच पुसला तर बफेलोच्या माणसानं मन कशात रमवायचं?"

बारजवळची दोन-तीन माणसं हसली. डायेनला ते आवडलं नाही.

"फिनिक्सला आमच्या हॉटेलात गिऱ्हाइकाचं मन..."

"फिनिक्सचं मला नको सांगूस. तुमच्या त्या कार्डिनल्स संघानं शेवटचं अजिंक्यपद मिळवलं सत्तेचाळीस साली. आणि तेव्हा ते शिकागोत होते."

आता सगळेच हसले. डायेनचे गाल लाल झाले. ती बारच्या फळीवर तळवा टेकून उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "शनिवारपर्यंत वेळ देते. नाहीतर फळा उतरवून तिथे मोठा टीव्ही लावते."

"लाव. उतरवायला दोन माणसं बोलावून ठेव, जड आहे," बर्नडिन म्हणाली आणि पुन्हा 'क्ली'कडे वळली. ती मुळीच घाबरली नव्हती. गिऱ्हाइकं आपल्या बाजूची आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. टीव्ही लागला तर शनिवारच्या संध्याकाळपर्यंत ओरडा होणार आणि सोमवारी फळा परत वर जाणार, असा तिचा हिशेब होता.

"बाई," बारच्या टोकाकडून एक जाड आवाज आला, "आकडा बदलायला हवाच आहे. पण ही पोरगी म्हणते तसा नाही."

बोलणारा माणूस तिथला नव्हता. पन्नाशी ओलांडलेला, खांद्यानं रुंद, अंगात मोटारदुरुस्तीचा निळा डगला. खाऱ्या पावातलं बीफ त्यानं अर्धं संपवलं होतं आणि उरलेलं हातात धरून तो फळ्याकडे बघत होता.

"कुठला आकडा?" बर्नडिननं विचारलं.

"बफेलोचाच. चार नाही, पाच हवा."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्या फळ्याला चूक म्हणणारा माणूस चोवीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता. बर्नडिन गालात हसली आणि शाळेत मुलाला समजवावं तशी म्हणाली, "दोन जिंकले, चार हरले. चौसष्ट आणि पासष्ट जिंकले, दोन्ही वेळा सॅन दिएगोला लोळवून. एक्क्याण्णव ते चौऱ्याण्णव हरले. बोटं मोजून बघा."

"मोजली. एक उरतं." त्यानं अंगठा वर केला. "एक जानेवारी सदुसष्ट. जेफर्सन अ‍ॅव्हेन्यूवरचं जुनं स्टेडियम. कॅन्सस सिटी एकतीस, बफेलो सात. मी होतो तिथे."

"प्रेक्षकांत?"

"छे. प्रेक्षकांना निदान कोट होते."

त्याचं नाव ऑर्व्हिल थिबोडो. लुइझियानाहून आला होता. बफेलोकडून एकच मोसम खेळला, तोही राखीव म्हणून. त्या अंतिम सामन्यात तो एकूण अकरा चालींपुरता मैदानात उतरला. पुढच्या उन्हाळ्यात सरावात गुडघा गेला आणि फुटबॉल संपलं. मग इथलीच बायको केली, लॉकपोर्टच्या शाळेत मुलांना मोटारदुरुस्ती शिकवायला लागला. आज जवळच्या दुकानात सुटे भाग घ्यायला आला होता आणि भूक लागली म्हणून आत शिरला. हे सगळं त्यानं पाव खाता खाताच सांगितलं, कुठे रडगाणं नाही की बढाई नाही.

"तो सामना सुपर बोल नव्हता," बर्नडिन शिडीवरून म्हणाली. "तेव्हा लीग दोन होत्या, आणि त्यातला जिंकणारा पुढे दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी सुपर बोल खेळणार होता. ती अलीकडची पायरी झाली."

"मग चौसष्ट आणि पासष्टचे काय होते?" ऑर्व्हिलनं विचारलं. "तीच लीग, तोच करंडक, सामन्याचं नावही तेच. तुम्ही ते दोन धरलेत. धरायलाच हवेत. मग तिसऱ्या वर्षाचा का नाही? जिंकलो तर अजिंक्यपद आणि हरलो तर पायरी, असं कसं चालेल?"

बर्नडिननं बफेलोची ओळ पुन्हा एकदा वाचली.  तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोवीस वर्षांत या बारमध्ये तिला उत्तर नाही असं पहिल्यांदा घडत होतं, आणि ते डायेनसमोर घडत होतं.

"वा मावशी!" डायेन टाळी वाजवून म्हणाली. "जो राखायला जीव टाकतेस, तो फळाच चुकीचा!"

बर्नडिन शिडी उतरली. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, फडक्यानं पुसला, रंगाच्या डब्याचं झाकण हातोडीनं ठोकून बसवलं. मग ऑर्व्हिलसमोर जाऊन उभी राहिली. उंचीनं ती त्याच्या छातीवरच्या खिशाला लागत होती.

"शनिवारी बारा वाजता या," ती म्हणाली. "चूक माझी निघाली तर तुमच्या डोळ्यांदेखत दुरुस्त करीन आणि इथल्या सगळ्यांना बिअर पाजीन. तुमची निघाली तर तुम्ही पाजायची."

"येतो की," ऑर्व्हिल म्हणाला. "बायकोलाही आणतो. तिनं माझं हे एवढ्या वेळा ऐकलंय, की शेवट झालेला तिलाही बघू दे."

दुसऱ्या दिवशी बर्नडिन बस पकडून शहरातल्या मोठ्या वाचनालयात गेली. जुने पेपर तिथे फिल्मच्या रिळांवर होते. काचेवर पानं सरकत गेली, डिसेंबर गेला, नवं वर्ष आलं आणि खेळाच्या पानावर ती थांबली. एकतीस आणि सात. मथळा एवढा मोठा होता की चष्म्याशिवायही वाचता आला असता.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली. सदुसष्टच्या त्या जानेवारीत ती काय करत होती? एका बेकरीच्या गाडीवर सोनेरी गहू रंगवत होती. कॅन्सस सिटी कोण आणि बफेलो कोण, तिला काही पडलेली नव्हती. नंतर तिनं एवढी पुस्तकं वाचली, शिकागोचे तपासले, ग्रीन बेचे तपासले, मिनेसोटाचा एक आणि चार दोनदा तपासला. फक्त बफेलोची ओळ कधी तपासली नाही. आपल्या गावच्या संघाचं गावच्या माणसानं लिहून दिलेलं, त्यात काय तपासायचं?

मग तिला भलतीच धास्ती वाटली. ही एक चुकली असेल तर आणखी किती? तिनं घरी न जाता पुस्तकांचा गठ्ठा मागवला आणि अठ्ठावीसही ओळी पहिल्यापासून लावायला घेतल्या. बुधवार त्यात गेला, गुरुवार गेला. वाचनालयातली मुलगी दोनदा येऊन विचारून गेली, "आजी, काही मदत हवी का?" दोन्ही वेळा बर्नडिननं नकारार्थी मान हलवली. गुरुवारी दरवाजे बंद व्हायच्या सुमारास तिनं शेवटच्या नावापुढे खूण केली. सत्तावीस ओळी चोख होत्या. एकच चुकली होती, आणि तिथला मूळचा शून्य तिनं शोधलेला नव्हता, लुडविकच्या कागदावरून उतरवलेला होता. ती वाचनालयाच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिची मान पुन्हा नेहमीसारखी ताठ होती.

शुक्रवारी दुपारी ती बारच्या मागच्या जिन्यानं वर गेली. लुडविक खिडकीशी आरामखुर्चीत बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, हडकुळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. पलीकडे चुलीपाशी डायेन त्याच्यासाठी मासे तळत होती.

"एक जानेवारी सदुसष्ट," बर्नडिन दारातूनच म्हणाली.

लुडविकनं तिच्याकडे बघितलं आणि खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "तू कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. चोवीस वर्षं लावशील असं वाटलं नव्हतं."

"विसरला होतात?"

"विसरलो असतो तर बरं झालं असतं."

"मग मला खोटं का लिहायला लावलंत? लोक माझ्या शब्दावर पैजा घेत होते, लुडविक! चोवीस वर्षं! कुणाकुणाला मी हरवलं असेल, देवाला ठाऊक!"

"बस," तो म्हणाला. "बस म्हणतो ना. ओरडायचं असेल तर बसून ओरड."

ती बसली. लुडविकनं आधी चुलीकडे बघितलं. डायेनची पाठ त्यांच्याकडे होती.

"त्या वर्षी आम्हाला वाटलं होतं, आता आपल्याला कोण अडवतं," तो सांगू लागला. "दोन वर्षं लागोपाठ जिंकलेलो. तिसऱ्या वर्षीचा अंतिम सामना आपल्याच गावात. तो जिंकला की लॉस एंजेलिसला, दोन्ही लीगचे विजेते पहिल्यांदाच एकमेकांसमोर. मी सामन्याच्या आधीच आगगाडीची तीन तिकिटं काढली. मी, माझी स्टेफा आणि ही डायेन. काढली ती काढली, वर सगळ्या रस्त्याला दाखवत फिरलो. खाटकाला दाखवली, पाद्र्याला दाखवली. स्टेफानं समुद्रासाठी पिवळा पोहण्याचा पोशाख घेतला. डिसेंबरात, बफेलोत! चार दुकानं फिरली त्यासाठी. एका दुकानातली बाई हसली, तर स्टेफा तिला म्हणाली, 'हस, हस. मी तिकडून तुला पत्र टाकते.'"

चुलीवर डायेननं मासे उलटले. 

"मग एकतीस आणि सात. मी दुसऱ्या दिवशी तिकिटं परत करून आलो. स्टेफा म्हणाली, 'अहो, आपण जाऊच की. समुद्र काय बफेलोसाठी थांबलाय? बॅग भरून तयार आहे.' मी म्हटलं, हरलेल्या गावचा माणूस म्हणून तिथे तोंड दाखवायला जायचं? मुळीच नाही. ती आणखी एकदा बोलली. मी ओरडलो. पुन्हा तिनं विषय काढला नाही. तशीच गेली, एक्क्याऐंशी साली. समुद्र न बघता." लुडविकनं खिडकीबाहेर नजर लावली. "संघ हरला त्याचं काय एवढं? दर रविवारी कुणीतरी हरतं. पण माझा हट्ट... सत्तर साली तो कागद लिहायला बसलो, तेव्हा स्टेफा समोर बसून वाटाणे सोलत होती. माझ्या हातून तो सामना लिहिला गेला नाही. बस, एवढंच आहे ते."

डायेन वळली. तिच्या हातातला झारा तसाच होता आणि तेल जमिनीवर ठिबकत होतं.

"मला तुम्ही सांगितलं होतंत, की बर्फामुळे गाडी रद्द झाली."

"हो."

"मी बारा वर्षांची होते, बाबा. आठवडाभर खिडकीत उभी राहून बर्फाला शिव्या घालत होते."

"बर्फाला सवय आहे," लुडविक हळूच म्हणाला.

डायेनच्या तोंडून हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते खांद्यानं पुसलं. "आईचं आणि तुमचं तेव्हा काहीतरी बिनसलं होतं, एवढं कळत होतं. मला वाटायचं माझ्यामुळे. मी सारखा हट्ट धरला, म्हणून."

"तुझ्यामुळे?" म्हातारा ताठ झाला. "छे गं! वेडी का काय तू? माझ्यामुळे. निव्वळ माझ्यामुळे."

डायेननं मासे ताटलीत काढले, ताटली बापाच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. बर्नडिननं जमिनीवर सांडलेलं तेल फडक्यानं पुसलं. ती रागावलेली होतीच, पण आता तो राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

डायेननं वर बघितलं. "उद्या पाच लिही, मावशी."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही समोरच्या भिंतीवर लावते. जा आता, नाहीतर मासे खाऊन जा."

बर्नडिन मासे खाऊन गेली.

शनिवारी अकरा वाजल्यापासूनच बार भरू लागला. मंगळवारी तिथे असलेल्या सात-आठ जणांनी बातमी पसरवण्याचं आपलं काम चोख केलं होतं. खाटीक आला होता, बेकरीवाले दोघे भाऊ आले होते, चर्चमधल्या बायका आल्या होत्या. ऑर्व्हिल थिबोडो कोट घालून आला, सोबत बायको, ठेंगणी आणि हसरी. बाराला पाच मिनिटं कमी असताना मागचा जिना वाजला. लुडविक कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत खाली उतरत होता. डायेन पुढे धावली, पण त्यानं तिला हातानं दूर सारलं. वसंतानंतर तो पहिल्यांदाच खाली येत होता. सगळे उठून उभे राहिले.

"बसा," तो म्हणाला. "मी काही मेलो नाहीये. ऐका. फळ्यावर बफेलोचा एक पराभव कमी आहे. बर्नडिननं तो चुकवला नाही. मी तिला कागदच तसा दिला होता. लाज वाटली म्हणून गाळला. बोलायचं ते मला बोला."

"एक बिअर द्या, मग बोलू!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

बर्नडिन शिडीवर चढली. पातळ पात्यानं तिनं जुना चार खरवडला. काचपेपर घासला. वर हिरव्या रंगाचा एक हात दिला आणि तो सुकेपर्यंत शिडीवरच बसून राहिली. एवढी माणसं बघताहेत म्हणून घाई करावी, असं तिला एकदाही वाटलं नाही. वीस मिनिटं झाल्यावर तिनं बोटानं लावून बघितलं, खडूनं दोन बारीक रेघा ओढल्या, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवलं आणि पिवळा रंग घेतला. आधी उभा दांडा, मग पोट, आणि सगळ्यांत शेवटी वरची आडवी रेघ, एका दमात, ब्रश न उचलता. आकडा असा बसला, की जणू पहिल्यापासून तिथेच होता.

बफेलो, दोन आणि पाच.

टाळ्या वाजल्या. ऑर्व्हिल पुढे आला आणि फळ्याखाली हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"कुणी विचारलं की मी सांगायचो, मी अंतिम सामना खेळलोय," तो बर्नडिनला म्हणाला. "विचारायचे, कुठला? मी म्हणायचो, हरलेला. मग लगेच, 'म्हणजे नव्वदनंतरचा? मग तुझं वय काय?' असं. गावाला चारच माहीत. माझा कुणाच्या मोजणीतच नाही." तो मान मागे टाकून हसला. "बाई, बाजूला बारीक अक्षरांत तारीख घालाल का? एक जानेवारी सदुसष्ट, एवढीच."

"नाही," बर्नडिन म्हणाली.

"एवढीशी."

"तुमची घातली तर जायंट्सच्या सोळा घालाव्या लागतील, आणि त्यांच्यासाठी मी एवढा रंग खर्चणार नाही. इथे सगळ्यांना सारखंच."

"सांगत नव्हते मी?" ऑर्व्हिलची बायको त्याचा कोट ओढत म्हणाली. "त्या नाही ऐकायच्या. चल, फोटो काढू."

फोटो डायेननं काढला. फळ्याखाली ऑर्व्हिल, त्याच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लुडविक. लुडविकनं त्याला हळूच विचारलं, "फार थंडी होती ना त्या दिवशी?" ऑर्व्हिल म्हणाला, "सुरुवातीला होती. नंतर कॅन्सस सिटीनं आम्हाला इतकं पळवलं, की घाम फुटला." मग दोघं एका टेबलाशी जाऊन बसले. लुडविक त्या सामन्याबद्दल एकेक विचारत गेला, ऑर्व्हिल सांगत गेला, आणि ते दोन तास उठले नाहीत.

बिअरचे पैसे कुणी द्यायचे यावरून बर्नडिन आणि डायेनची पुन्हा जुंपली. "चूक बाबांची, बिअर घरची," डायेनचं म्हणणं. "हात माझा होता, पैज माझी होती," बर्नडिनचं म्हणणं. तिनं पाकीट बारवर आपटलं आणि हात त्यावरून हलवलाच नाही. शेवटी डायेननं पैसे घेतले आणि गल्ल्यात टाकताना पुटपुटली, "या बाईशी कुणी वाद घालावा."

"अठरा वर्षं लांब राहिलीस म्हणून तुला माहीत नाही," खाटीक म्हणाला.

त्या मोसमात बफेलोचे दिवस फिरले. सात सामने जिंकले, नऊ हरले, आणि अंतिम सामना दूरच राहिला. जानेवारीच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोनं सॅन दिएगोला धुऊन काढलं. सोमवारी सकाळी बर्नडिन बर्फ तुडवत आली, शिडी लावली, सॅन फ्रान्सिस्कोचा जिंकलेला आकडा एकानं वाढवला आणि सॅन दिएगोच्या ओळीत एक आणि पाच करून खाली उतरली, तोच बारवरचा फोन वाजला. डायेननं तो उचलून तिच्या हातात दिला. पलीकडे कुठल्याशा रेडिओचा तरुण माणूस होता.

"मॅडम, अंतिम सामन्यांत बफेलोचा हिशेब काय, ते तुमच्याकडे पक्कं कळेल असं ऐकलंय."

"दोन जिंकले, पाच हरले."

"चार ना?"

"पाच," बर्नडिन म्हणाली. "लिहून घ्या. आणि पटत नसेल तर इकडे या, बाहेर गाडी लावायला जागा करून ठेवते. डायेन, माझी कॉफी कुठाय?"